ताटावरची माई

आमच्या घरात माणसांपेक्षा भांडी बोलकी. कुठल्या मावशीच्या लग्नात कुठल्या वन्संनी काय दिलं, कुणाच्या वास्तुशांतीला कोण तांब्यावर भागवून मोकळं झालं, हे सगळं काठाकाठावर टोचून लिहिलेलं. फडताळ उघडलं की खानदानाचं दप्तरच समोर यायचं. भांड्यांवरच्या त्या अक्षरांनी एक दिवस माझंच बारसं केलं.

1987 चा मे. दहावीचा निकाल पोटात गोळा होऊन बसलेला, आणि मी निघालो होतो सोमनाथला. बाबा आमट्यांच्या आनंदवनाचं हे धाकटं भावंड चंद्रपूर जिल्ह्यात, मूलजवळच्या रानात आहे. तिथे मे महिन्यात 15 ते 22 तारखेला श्रमसंस्कार छावणी भरते. सोबत काय आणायचं त्या यादीत ताट-वाटी होती. आईनं फडताळातलं सगळ्यात जड ताट काढलं, कारण परगावी जाणाऱ्या पोराची भूक ती ताटाच्या वजनावर मोजायची. काठावर अक्षरं होती : 'सौ. माईंस सप्रेम भेट'. माई म्हणजे माझी आजी. आजोबांना जाऊन बारा वर्षं झाली होती. कपाळावरचं कुंकू त्याच दिवशी गेलं, ताटावरचं 'सौ.' मात्र सुखानं नांदत होतं. स्टीलला कोण सांगणार? निघताना माईनं माझ्या खिशात कांदा कोंबला, चांद्याच्या उन्हावर उतारा म्हणून.

मूलला एस.टी.तून उतरलो तेव्हा सावल्यासुद्धा अंग चोरून झाडांच्या बुंध्याला चिकटल्या होत्या. कांद्याचा आणि माझा वास एव्हाना एकच झाला होता. पहिल्या जेवणानंतर धुतलेल्या ताटांची चवड लागली आणि कुणीतरी वरचं ताट उचलून मोठ्यानं वाचलं, "सौ. माई कोण? सौ. माईंनी आपलं ताट न्यावं!" मी पुढे झालो. तेव्हा माझा आवाज फुटत होता. 'माझं आहे' या दोन शब्दांत तो बासरीवरून निघून पखवाजावर उतरला. एवढं हसू पुरेसं होतं. संध्याकाळपर्यंत मला आईबापांनी ठेवलेलं नाव मीच विसरलो. "माई, पाणी आण", "माई, सतरंजी उचल." कुणी दमदाटीनं 'माई' म्हणूच शकत नाही, हे मला तिथे कळलं. जीभ आपोआप मऊ पडते.

ऊन उतरल्यावर बांधाचं काम निघालं. फावडे, टिकाव, आणि घमेल्यांची लांबलचक साखळी. माझ्या डाव्या हाताला एक म्हातारबा उभे होते. कुष्ठरोग कधीच बरा झालेला, पण बोटं त्यानं नेलेली. ते घमेलं दोन्ही मनगटांत असं धरायचे, की एक ढेकूळ सांडत नसे. माझी दहाच्या दहा बोटं शाबूत असून निम्मी माती माझ्याच पायांवर. थोड्या वेळानं ते म्हणाले, "पोराले माई काहून म्हणून राहिले हे?" मी ताटाची गोष्ट सांगितली. ते गालात हसले, घमेलं पुढे केलं आणि म्हणाले, "घे माई."

मला एकदम घरची माई आठवली. देवळाच्या पायऱ्यांवर असे हात पुढे आले की ती पदर आवरून घ्यायची आणि पैसा लांबूनच टाकायची. मनानं वाईट नव्हती. तिच्या पिढीला तेवढंच शिकवलेलं. पंढरपूरपलीकडे ती कधी गेलीही नव्हती. आणि आता चांद्याच्या रानात तिचं नाव मातीच्या घमेल्याबरोबर या हातातून त्या हातात चाललं होतं, मध्ये पदराएवढंही अंतर न ठेवता.

रात्री कंदिलाजवळ बसून तिला कार्ड लिहिलं. हातांना फोड आले होते, त्यामुळे अक्षर ताटावरच्या अक्षरांसारखंच टोचल्यागत आलं. सगळं लिहिलं, म्हातारबांचंही. परतलो तेव्हा ते कार्ड देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याखाली होतं. त्याबद्दल ती काही बोलली नाही. ताट तेवढं मागून घेतलं, उजेडात धरून निरखलं आणि म्हणाली, "मातीनं घासलंस ना रे? अक्षरं झिजली."

ताट अजून माझ्याकडे आहे. 'सौ.' आता पुसलं गेलंय; 'माई' वाचता येतं.