आर्थिक मुक्तीचे मक्तेदार

आयुष्याच्या मध्यावर येऊन ठेपलेल्या, बढतीची आशा सुटलेल्या आणि गृहकर्जाचा हप्ता मात्र न सुटलेल्या पांढरपेशा गृहस्थाला पूर्वी वैराग्य येत असे; मग तो गीतेच्या वर्गाला जाऊ लागे, होमिओपॅथीची पेटी आणून शेजाऱ्यांवर प्रयोग करी, किंवा अगदीच निरुपाय झाला तर स्वखर्चाने काव्यसंग्रह छापी. हे तिन्ही मार्ग उपद्रवी असले, तरी तो उपद्रव मर्यादित असे. अलीकडे अशा गृहस्थाला वैराग्याऐवजी साक्षात्कार होतो, तो तडकाफडकी राजीनामा देतो आणि पंधरवड्याच्या आत ‘लीडरशिप अँड फायनान्शियल कोच’ ही पदवी धारण करून कालपर्यंतच्या सहकाऱ्यांना नेतृत्व व द्रव्यार्जन या दोन्ही विद्यांची दीक्षा देऊ लागतो.

आमच्या सोसायटीतील एका सद्गृहस्थांनी गेल्या दिवाळीत हे व्रत घेतले. उभी हयात त्यांनी एका कंपनीच्या खरेदी खात्यात दफ्तर सांभाळण्यात घालवली. हाताखाली एक शिपाई होता, आणि तोही हुकूम मानी तो वरच्या साहेबांचा. सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी एक वर्ष भूषवले, परंतु लिफ्टच्या दुरुस्तीचा ठराव त्या अवधीत त्यांना मंजूर करून घेता आला नाही. तथापि, अनुभवाचा अभाव हा या पेशात दोष मानला जात नाही. ‘शून्यातून सुरुवात’ हेच तेथील मुख्य भांडवल होय. ‘अहो, जगाला आर्थिक स्वातंत्र्य द्या हवं तर, पण आधी मेंटेनन्सची थकबाकी भरा,’ हे त्यांच्या सौभाग्यवतींचे उद्गार ‘नकारात्मक ऊर्जा’ या सदराखाली दप्तरी दाखल झाले.

या पेशाची वंशावळ तशी हलकी नाही. अमेरिकेत डेल कार्नेगी यांनी १९३६ साली मित्र जोडण्याची आणि लोकांवर छाप पाडण्याची विद्या पुस्तकरूपाने विक्रीस काढली; पुढे टॉमस लेनर्ड नावाच्या गृहस्थाने १९९२ साली कोच घडवणारी शाळा आणि १९९५ साली कोच मंडळींची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. हे लेनर्ड मूळचे आर्थिक नियोजनकार. म्हणजे हिशेबाच्या वहीवरून उठून उपदेशाच्या आसनावर बसण्याचा प्रघात मूळपुरुषापासूनच चालत आलेला आहे. परंतु त्या संघटनेची अगदी पहिल्या पायरीची सनद मिळवायलाही किमान ६० तासांचे शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. आमच्या सद्गृहस्थांना सनद मिळाली ती लोणावळ्याच्या एका रिसॉर्टात, तीन दिवसांत, दोन्ही वेळच्या जेवणासह.

त्यांचे पहिले शिबिर कर्वे रस्त्यालगतच्या एका मंगल कार्यालयात भरले. व्यासपीठामागील ‘शुभविवाह’ ही थर्माकोलची अक्षरे उतरवायला सवड न मिळाल्यामुळे त्यांवरच ‘धनवान नेता व्हा’ असा फलक टांगलेला होता, आणि त्याच्या कडेवरून ‘शु’ तेवढा सभेला गप्प बसवीत होता. प्रथम सर्वांना डोळे मिटायला लावून, ‘पैसे काय झाडाला लागतात?’ असे लहानपणी विचारणाऱ्या जन्मदात्याला क्षमा करायला सांगण्यात आले. कारण आपल्या दारिद्र्याचे मूळ पगारात किंवा महागाईत नसून त्या एका प्रश्नाने पडलेल्या ‘मनी ब्लॉक’मध्ये आहे, असा शोध लागलेला आहे. नंतर ‘७२ चा नियम’ नामक गुह्यज्ञान प्रकट झाले: ७२ ला व्याजाच्या दराने भागावे, म्हणजे रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल ते कळते, सहा टक्क्यांनी बारा वर्षे. हेच ज्ञान पोस्टाच्या अल्पबचतीच्या एजंट बाई दारात उभ्या राहून फुकट देतात, म्हणून त्याला कोणी किंमत देत नाही. वेबिनारला ९९ रुपये, शिबिराला ४,९९९ आणि ‘मास्टरमाइंड’ वर्गाला ४९,९९९, अशा चढत्या पायऱ्यांच्या शिखरावर जो परमोच्च अभ्यासक्रम विराजमान होता, त्याचे नाव ‘यशस्वी कोच कसे व्हावे’. या व्यवसायाचा सारा जमाखर्च त्या एका नावात आहे: विद्येने धन मिळत नाही, विद्यार्थ्यांनी मिळते.

सरकारदरबारी या विषयाची दखल घेतली गेली नाही असे नाही. मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा, तर ‘सेबी’च्या २०१३ च्या विनियमांनुसार नोंदणी, अर्हता आणि परीक्षा हे सोपस्कार आवश्यक आहेत. ही यातायात टाळण्यासाठी ‘आम्ही सल्ला देत नाही, केवळ शिक्षण देतो’ हे वाक्य जाहिरातीच्या तळाशी मुंगीच्या अक्षरांत छापण्याचा रिवाज पडला. ही पळवाट हेरून, केवळ शिक्षण देणाऱ्यांनी मागील तीन महिन्यांतले बाजारभाव उदाहरणादाखलही वापरू नयेत, अशी ताकीद ‘सेबी’ने जानेवारी २०२५ मध्ये दिली, तेव्हा निरुपायाने आमचे सद्गृहस्थ इतिहासाकडे वळले आणि अष्टप्रधानांतील अमात्यांना त्यांनी ‘सीएफओ’ पदावर नेमून टाकले. त्याच ‘सेबी’च्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ‘एफ अँड ओ’च्या, म्हणजे वायदेबाजाराच्या, व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि तोट्याची बेरीज १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेली. त्यांपैकी किती जण पुढे आर्थिक कोच झाले, याची शिरगणती मात्र अद्याप व्हायची आहे.

यास्तव वाचकहो, कोणी मुक्तिदाता भेटला तर त्याला दोनच प्रश्न अदबीने विचारावेत. आपला ‘आयएनए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक कोणता? तो ‘सेबी’च्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. आणि गतवर्षीच्या आपल्या उत्पन्नात गुंतवणुकीचे किती, आणि आमच्यासारख्यांच्या शुल्काचे किती? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आपल्या ‘माइंडसेट’वर व्याख्यान सुरू झाले, तर चहा घेऊन खुशाल उठावे; त्याचे पैसे प्रवेशशुल्कात आधीच वसूल झालेले असतात.