कोरडा पाषाण, एम.बी.बी.एस.

ताण येण्यासाठी जयलक्ष्मीपुरमइतकी गैरसोयीची जागा शोधून सापडायची नाही. एका अंगाला कालिदास रोड, दुसऱ्या अंगाला गोकुळम, थोडं पलीकडे यादवगिरी, जिथे आर. के. नारायण यांचं घर अजून जपून ठेवलंय; रस्त्यावर झाडांची सावली, ताज्या दळलेल्या कॉफीचा वास, आणि सकाळी नऊ वाजता ‘आज काय करावं बरं’ या विचारात फाटकापाशी उभे असलेले आजोबा. म्हैसूरला लोक पेन्शनरांचा स्वर्ग म्हणतात ते उगाच नाही. अशा गावात, जिथे रिक्षावाला भाड्यावरून वाद घालतानाही मध्येच ‘ऊटा आयता?’ म्हणजे जेवण झालं का म्हणून विचारतो, तिथे राहून रक्तदाब वाढवून दाखवायचा म्हणजे अंगात काहीतरी असावं लागतं. माझ्या अंगात ते आहे.

मी मूळचा मिरजेचा. मिरज हे डॉक्टरांचं गाव. तिथे दगड भिरकावला तर तो डॉक्टरलाच लागतो, आणि टाके घालायला दुसरा डॉक्टर बाजूलाच उभा असतो. तिथे माझी डाळ शिजेना, म्हणून बायकोच्या माहेरी, म्हैसूरला, येऊन दवाखाना थाटला. तिचं घराणं कैक पिढ्या इथलं. तिच्या मराठीला कानडी हेल आणि माझ्या कानडीला मिरजेचा. पेशंट समजून घेतात. सकाळी दहा ते दुपारी दोन आणि संध्याकाळी पाच ते संपेपर्यंत मी लोकांना एकच गोष्ट निरनिराळ्या आवाजांत सांगत असतो: मीठ कमी करा, रोज चाला, वेळेवर झोपा, फोन उशाशी घेऊ नका, आणि काळजी करू नका. एवढं सांगून घरी जातो, लोणच्याची बरणी जवळ ओढतो, फोन उशाशी घेतो आणि काळजी करतो.

हे असंच चालायचं. पण मिरजेच्या कॉलेजातला एक वर्गमित्र, आता मोठा हृदयरोगतज्ज्ञ, दसरा बघायला म्हणून आमच्याकडे उतरला आणि जंबू सवारीच्या आदल्या संध्याकाळी, दवाखान्यात शेवटचा पेशंट निघून गेल्यावर, सहज चाळा म्हणून त्याने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. दीडशेवर शंभर. मी त्याला शांतपणे समजावलं की वैद्यकशास्त्रात याला पांढऱ्या कोटाचा रक्तदाब म्हणतात. डॉक्टर समोर दिसला की काहींचा तेवढ्यापुरता वाढतो, त्यात घाबरण्यासारखं नाही. तो म्हणाला, “अरे, मी टी-शर्टात आहे.” कोट माझ्याच अंगावर होता.

जाताना तो ‘आयुष्यात जरा बॅलन्स आण’ असं सांगून गेला, आणि मी तो आणायला निघालो.

आधी वाचन केलं, कारण अभ्यास केला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. फ्रॉइडनबर्गर नावाच्या न्यूयॉर्कच्या मानसतज्ज्ञाने फुकट दवाखान्यात राबणारी माणसं बघून 1974 साली ‘बर्नआउट’वर लिहिलं. पुढे 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या नीट करून दिली, पण बजावलं की हा रोग नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण वेळीच न आवरल्याने होणारा प्रकार आहे. म्हणजे इतकी वर्षं इमानेइतबारे झिजून मला जे मिळालं होतं, त्याला आजाराचा दर्जासुद्धा नव्हता. आजारपणाची रजा मागावी तर अर्ज माझ्याकडेच करायचा, आणि मी माणूस ओळखून आहे. नामंजूर केला असता.

मग चालायला लागलो. कुक्करहळ्ळीचं तळं आमच्यापासून जवळ. मुम्मडि कृष्णराज वडेयरांनी 1864 साली ते बांधून घेतलं ते शेतीला पाणी मिळावं म्हणून. कानडी कवी कुवेंपू तिथे फिरायला येत. आणि आज तिथे सूर्य उगवायच्या आत अर्धं म्हैसूर कानटोपी घालून हजर असतं. माझ्या हिशेबातून एवढंच सुटलं की हे अर्धं म्हैसूर माझे पेशंट होते, कारण त्यांना तिथे मीच पाठवलं होतं. पहिल्याच वळणावर एका काकांनी ‘डॉक्ट्रे!’ अशी हाक मारून ट्रॅकपँटच्या खिशातून साखरेचा रिपोर्ट काढला. घडीवरून दिसत होतं की तो रोज त्या खिशात येतो. त्यांचं होईतो एक मावशी गुडघा घेऊन आल्या, त्यांच्यामागे त्यांची जाऊ खोकला घेऊन आली, मी चालता चालता सांगतोय, ती मंडळी माझ्याहून भरभर चालतायत, मला धाप लागल्यामुळे वाक्य पुरं होत नाहीये, आणि शेवटी त्या काकांनीच मला बाकावर बसवून, पाणी देऊन, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. “डॉक्ट्रे, हिमोग्लोबिन करून घ्या,” असं म्हणून ते पुढच्या फेरीला गेले. तळ्यात पेलिकन होते. त्या सबंध परिसरात मला काही न विचारणारे तेवढेच.

चालणं सुटलं, योग धरला. आता म्हैसुरात योग करायला जाणं म्हणजे नाशकात द्राक्षं खायला जाणं. इथल्याच जगनमोहन राजवाड्यात कृष्णमाचार्यांनी 1930च्या दशकात राजाश्रयाने योगशाळा चालवली. त्यांचे एक शिष्य पट्टाभि जोइस. त्यांनी शिकवलेला अष्टांग योग शिकायला आजही देशोदेशीची माणसं गोकुळममध्ये खोल्या भाड्याने घेऊन राहतात. दुसरे बी. के. एस. अय्यंगार, लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय असं सगळं भोगलेला हा मुलगा 1937 साली इथून पुण्याला शिकवायला गेला आणि पुणेकरांचाच होऊन राहिला. म्हणजे म्हैसूरने महाराष्ट्राला अय्यंगार दिले आणि महाराष्ट्राने म्हैसूरला मी. या व्यवहारात कोण बुडालं ते उघड आहे.

ज्या योगशाळेत गेलो तिचं नाव सांगत नाही, दोष तिचा नव्हता. म्हैसूर पद्धतीत सगळ्यांनी एका सुरात काही करायचं नसतं. ज्याचं त्याने आपल्या श्वासाच्या लयीत करायचं, गुरुजी फिरत फिरत हाताने दुरुस्ती करतात. माझ्या एका बाजूला ब्राझीलची मुलगी स्वतःची गाठ मारून बसली होती, दुसऱ्या बाजूला एक रशियन गृहस्थ हातांवर तोललेले होते आणि मध्ये मी, पायाच्या अंगठ्याकडे लांबून बघत. गुरुजी आले, दुरुस्ती नेमकी कुठून सुरू करावी याचा विचार करत थोडे थांबले, आणि त्यांना तसदी नको म्हणून मी आपणहून खाली वाकलो. वाकलो तो वाकलोच. कमरेत अशी उसण भरली की वर येता येईना, खाली जाता येईना, आणि ‘आई गं’ खेरीज तिन्ही भाषांतलं काही आठवेना. गुरुजींनी हॉलभर विचारलं, “इथे कुणी डॉक्टर आहे का?” मला हात वर करायचा होता. उचलला गेला नाही.

आठवडाभर पाठ जमिनीला टेकून पडलो. पडल्या पडल्या फोन होताच. मुलगी म्हणाली, “बाबा, खरा आजार तुमच्या हातात आहे,” आणि तिने रविवारी फोन बंद ठेवायची शपथ घातली. बंद करायला माझं मन धजेना. मग ‘फक्त नजरेआड’ या तडजोडीवर तो पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. पोहे निवांत, पण फोन थरथरायचा थांबेना, तेव्हा सगळी मांडणी, वाट्या-चमच्यांसकट, अशी वाजू लागली की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली. अखेर फोन खरोखरच बंद केला. त्यानंतर पाच मिनिटांत बायकोचा वाजला.

कुणाचं पोट बिघडलं होतं. मी आतल्या खोलीत, शपथेने बांधलेला. तिने आपल्या मनाने सांगितलं: दर थोड्या वेळाने मीठ-साखरेचं पाणी प्या, मऊ भात खा, आज सणाचं काही नको, आणि रक्त पडलं किंवा ताप चढला तर ताबडतोब इस्पितळ गाठा. मी सांगितलं असतं ते हेच, फक्त आधी वीस मिनिटं घाबरून. दिवसभर तिने अशी ओपीडी चालवली, मध्ये कणीक मळली, मालिका बघितली, दुपारची झोपही काढली. सोमवारी पेशंट आले ते ‘अम्मा इल्लवा?’ म्हणून तिचीच चौकशी करत. मी आहे म्हटल्यावर त्यांनी मोठ्या मनाने चालवून घेतलं.

मग कुणीतरी म्हणालं, छंद लावून घ्या. मला बेंगळुरूचे डॉ. एम. शिवराम आठवले. ‘राशी’ या नावाने लिहिणाऱ्या या डॉक्टरांनी दवाखाना सांभाळून 1942 साली ‘कोरवंजी’ हे कानडी विनोदी मासिक काढलं आणि पंचवीस वर्षं चालवलं, आपल्या आर. के. लक्ष्मण यांची चित्रं त्यात येत. मी म्हटलं, त्यांना जमलं तर आपल्याला का नाही? रात्री दवाखान्यानंतर जागून एक विनोदी लेख लिहिला आणि महाराष्ट्रातल्या एका संपादकांना धाडला. उत्तर आलं: लेखाचं अक्षर लागत नाही, कृपया लिहिलंय काय ते कळवावं. मी प्रत घेऊन बसलो. मलाही लागेना. शेवटी खालच्या औषधवाल्याकडे नेला. त्याला मराठी ओ की ठो येत नाही, पण त्याने चष्मा सावरून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि पित्ताच्या गोळ्यांची पट्टी काढून दिली. जेवणाआधी घ्यायच्या.

इथवर आल्यावर माझ्या ध्यानात आलं की ताण घालवायला मी चार नवी कामं अंगावर घेतली होती, आणि चारही पहाटे किंवा रात्री करायची होती, कारण दिवसा दवाखाना होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते ठीक, पण आपला पाषाण नुसता कोरडा नव्हता, तो उकळत होता.

तेव्हा गेलो गपचूप वोंटिकोप्पलच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे, पेशंट म्हणून, नंबर घेऊन. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. मी निदान सांगायला लागलो की त्या “जीभ दाखवा” म्हणायच्या. दोन्ही दंडांवर दाब मोजला, घरी आठवडाभर मोजून लिहून आणायला लावला, तपासण्या केल्या, रोजची एक गोळी दिली आणि विचारलं, “सुट्टी कधी घेता?” मी म्हटलं, पेशंट संपले की. त्या म्हणाल्या, “पेशंट संपत नसतात, सर. आपण संपतो.” वयाने त्या माझ्या मुलीहून थोड्याच मोठ्या असतील. फी घेतली नाही, त्यामुळे उलट बोलायचीही सोय राहिली नाही.

त्यांनीच सांगितलं की राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने 2024 साली शिफारस केली: शिकाऊ निवासी डॉक्टरांना आठवड्याला 74 तासांपेक्षा जास्त काम नको, एक दिवस सुट्टी हवी, सात-आठ तास झोप हवी. मला हसू आलं. आमच्या वेळी छत्तीस तासांची सलग ड्यूटी केल्यावर मी एकदा इस्पितळाच्या लिफ्टमध्ये उभ्या उभ्या झोपलो होतो आणि वर-खाली हिंडत होतो. लोक आत येत, नमस्कार करत, उतरत. राउंड चालू आहे असंच सगळ्यांना वाटलं. आठवड्यात तास 168. त्यातून 74 काढून ठेवायला देशपातळीवरची समिती लागली, यातच सगळं आलं. डॉक्टर आपले तास आपण मोजत नाही. मोजायला दुसरं कुणीतरी लागतं.

म्हणून आता मी काहीच करत नाही, इतर करतात. कंपाउंडर साडेआठला दिवा मालवतो आणि मी आत असलो तरी शटर अर्धं ओढतो. रविवारची पाटी बायकोने रंगवून घेतली, कानडीत आणि इंग्रजीत, मराठीत मुद्दाम नाही, नाहीतर मी वाचून दुर्लक्ष केलं असतं. रविवारी अडलेल्यांना जवळचा दुसरा दवाखाना कोणता ते तिने पाटीखाली लिहिलंय, आणि तिथले डॉक्टर मंगळवारी त्यांचे पेशंट माझ्याकडे पाठवतात. गोळी मुलगी हातात आणून देते आणि गिळेपर्यंत उभी राहते. दाब एकशेतीसवर चौऱ्याऐंशी आहे. यात माझं कर्तृत्व म्हणाल तर शून्य, म्हणूनच ते टिकलंय.

तेव्हा वाचकहो, तुमच्याही गल्लीत एखादा माझ्यासारखा असेल. त्याच्यावर थोडी दया करा. लग्नाच्या पंगतीत त्याच्या पानाशेजारी एक्स-रे धरू नका. तो होळिगे म्हणजे पुरणपोळी खात असेल तर ‘तुम्ही कसं खाता हो?’ हे तर मुळीच विचारू नका. साधी सर्दी आणि ताक प्यावं की नको हा प्रश्न सकाळपर्यंत थांबतो. मात्र छातीत दाटून आलं, श्वास कोंडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर रात्रीचे तीन असोत की रविवार, माझी वाट बघू नका. 108 ला फोन लावा आणि थेट इस्पितळात जा. आणि तुमच्या डॉक्टरला एकदा सहज विचारा, त्याचा डॉक्टर कोण आहे. तो ‘मीच’ म्हणाला, तर त्याच्या बायकोला कळवा.