बोटीवरच्या बाह्या

जठारपेठेत सध्या लग्नसराई नाही, नवरात्र लांब आहे, तरी आमच्या टेलरकडे पाय ठेवायला जागा नाही. कारण विचारलं तर तो तोंडातल्या टाचण्या काढतो, एकच शब्द बोलतो, 'बोट', आणि टाचण्या परत तोंडात धरतो.

अकोल्यापासून मुंबईचा समुद्र जवळजवळ सहाशे किलोमीटर. आमच्या नशिबी मोर्णा, तीही पावसाळ्यापुरती. श्रावणात राजेश्वराच्या कावडीला गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर वाहून आणतात, हाच आमचा जलप्रवास, तोही पायी आणि अनवाणी. अशा गावातल्या भिशीने आजवर मिक्सर घेतले, चांदीची निरांजनं घेतली, एकदा फार तर शेगावला गाडी केली. यंदा भिशी निघाली आहे मुंबईहून गोव्याला, क्रूझने! आणि जाण्यापेक्षा मोठा प्रश्न आहे तो घालायचं काय.

पहिली ठिणगी पडली मागच्या गल्लीत. तिथल्या एका वहिनींकडे पार्सल आलं. पार्सल आलं की शेजारणीने कात्री घेऊन हजर व्हायचं, ही आमच्याकडची रीत. आतून निघाला एक पायघोळ, फुलाफुलांचा, खांद्यावर नुसत्या दोन दोऱ्या असलेला प्रकार. किंमत दोन हजार चारशे.

"हे काय होय वं?" कोपऱ्यावरच्या मावशींनी चष्मा वर केला.

"मॅक्सी हाय, मावशी. बोटीवर घालाची."

मावशींनी कापड चिमटीत धरलं, उलटं केलं, शिवण पाहिली. "मॅक्सी कायची? गाऊन हाय हा. बाह्या कापून घेतल्या तं दोन हजार चढले कायले?"

झालं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सातव चौकात पोचली होती. अन् खरं सांगू, मावशींचं काही चुकलं नव्हतं. ज्या गाऊनवर ओढणी टाकून आपण दूध आणतो, भाजीवाल्याशी भांडतो, पापड वाळत घालतो, दारात पाहुणा उभा राहिला की मात्र लाजून आत पळतो, तोच गाऊन घालून आता डेकवर उभं राहायचं, दोन्ही हात पसरायचे आणि फोटो काढून सासरच्या ग्रुपवर टाकायचा! पूर्वी समुद्र ओलांडला की पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त करावं लागे. आता फोटो टाकला नाही तर करावं लागेल.

मग नियम येऊ लागले. ज्यांचे पाय अजून धक्क्याला लागलेले नाहीत अशा बायका अधिकाराने सांगू लागल्या. केबिनमध्ये इस्त्री न्यायची नाही, आगीची भीती असते. हा नियम खरा आहे, बहुतेक जहाजांवर असतो. पण त्याने घरोघरी अवसान गळालं ते पुरुषांचं. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका काकांनी आयुष्यात बिनइस्त्रीचं मांजरपाटसुद्धा घातलेलं नाही. त्यांनी विचारलं, "मंग सफारीच्या घड्या मोडल्या तं?" काकू म्हणाल्या, "तुम्हाले सफारी कोनं सांगितली? बर्म्युडा घ्या." काका दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बर्म्युडा आला, नारळाच्या झाडांचा. आता ते तो घालून घरातल्या घरात, दारं लावून, सराव करतात.

कापडाचा वाद त्याहून पेटला. आम्ही कापसाच्या मुलखातले. अकोल्याचा कापूस बाजार काय, कृषी विद्यापीठात निघालेली कपाशीची वाणं काय, सुती कापडाबद्दल बोलायचा हक्क आम्ही कुणाला देत नाही. २०२४च्या मे महिन्यात उन्हापायी जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं, तेव्हा आम्हाला कुणी तारलं? सुती दुपट्ट्याने. डोळे सोडून सगळं डोकं गुंडाळायचं, हातात मोजे, वरून पांढरा सुती कोट, अशी आमची पोरगी स्कूटीवर निघाली की सख्खी आई ओळखत नाही. आणि हीच पोरगी समुद्राच्या उन्हात, जिथे पाण्यावरून उलटून आलेलं ऊनही अंगावर बसतं, तिथे दोऱ्यांच्या खांद्याने जाणार! तरी सुतीची बाजू घेताना मलाही थोडं थांबावं लागलं. समुद्राची हवा ओली. सुती कपडा घाम पितो हे खरं, पण तिथे एकदा भिजला की लवकर वाळत नाही, आणि इस्त्री नसल्याने दुसऱ्या दिवशी रद्दीच्या कागदासारखा दिसतो. चुरगळत नाही ते पॉलिएस्टर, पण त्यात दुपारी जीव उकडतो. म्हणजे पिकवतो ते चालेना आणि चालतं ते सोसेना. त्यात पोहण्याच्या तलावात तर सुती चालतच नाही. तिथला पोशाख काय असतो, ते मावशींना अजून कुणी सांगितलेलं नाही.

या सगळ्या गलबल्यात एकच बाई शांत होती, रत्नागिरीकडून आमच्या गल्लीत आलेली सून. तिची आजी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी जायची. "काही नाही हो," ती म्हणाली, "नऊवारीचा काचा घट्ट, पदर खोचलेला, हातात लिंबू. मळमळलं की हुंगायचं. वाऱ्याला धरायला काही सुटं ठेवायचंच नाही." तिचा मुद्दा लाखाचा. डेकवर वारा म्हणजे वारा. पाचवारीचा पदर तिथे निशाण होतो आणि घेरदार मॅक्सीची छत्री होते, तीही उलटी. शिवाय परकराची नाडी. बोट डोलू लागली की कमरेला आवळलेलं काहीही नको वाटतं, आणि चारी ठाव बुफे समोर असताना तर मुळीच नको. म्हणून सैल इलॅस्टिकची पॅन्ट, वर गुडघ्याखाली जाणारी कुर्ती, पायात रबरी तळव्याच्या चपला. इतकं साधं उत्तर होतं. पण ते फुकट मिळाल्यामुळे कुणी घेतलं नाही.

खरं तर बोटीवरच्या कपड्यांपायी झालेला घोळ आमच्यापासून सुरू झालेला नाही. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा त्यांना अठरावं पूर्ण होऊन आठवडाच झाला होता. जून उजाडता न्यूयॉर्कला उतरल्या. नऊवारीत पिंढऱ्या उघड्या राहतात आणि तिकडची थंडी काही सोवळंओवळं पाहत नाही, म्हणून त्या गुजराती पद्धतीने नेसू लागल्या, तर त्यावरही घरच्या यजमानांची नाराजी! डॉक्टर व्हायला निघालेल्या बाईच्या निऱ्या मोजणारे तेव्हाही होतेच. आणि गांधीजी? ४ सप्टेंबर १८८८ला मुंबईहून निघाले. बोटीवर काळा सूट घातला आणि पांढरा फ्लॅनेलचा खास उतरण्यासाठी राखून ठेवला. उतरून पाहतात तर अख्ख्या धक्क्यावर पांढऱ्यात हे एकटेच. बदलावं म्हटलं तर सामान किल्ल्यांसकट एजंटकडे, आणि दुसरा दिवस रविवार. हे त्यांनीच आत्मकथेत लिहिलं आहे. मी हे भिशीत सांगितलं ते एवढ्यासाठी, की क्रूझवरही मोठी बॅग धक्क्यावरच घेतात आणि ती केबिनमध्ये उशिरा येते. गोळ्या, एक जोड कपडे आणि शाल हातातल्या पिशवीत ठेवा म्हटलं. सगळ्यांनी माना हलवल्या आणि हातातल्या पिशवीत मेकअप भरला.

त्यात एका काकूंनी नवीनच घोडं पुढे दामटलं. त्यांचे व्याही न्यूजर्सीला. ते 'क्वीन मेरी २'वरून साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क, सात रात्री, असे गेले म्हणे. ती खरी महासागर ओलांडणारी बोट, २००४ पासून चालते. तिथे संध्याकाळी सहानंतर नीटनेटकंच राहावं लागतं आणि काही रात्री तर पुरुषांनी काळा कोट नि बो. "अन् विहीणबाईंनी?" "पैठणी!" काकूंनी विजयाने सांगितलं. मावशी म्हणाल्या, "पैठनीवर सांबार सांडलं अशीन, तं कोन धुईन?"

आपली मुंबई-गोव्याची कॉर्डेलिया सुरू झाली २०२१मध्ये, पण जहाज आहे १९९०चं, पूर्वीचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. हे कळल्यावर मावशी एवढंच म्हणाल्या, "म्हनजे बोट माह्या सुनीच्या वयाची. नाव बदलून, रंग लावून, नव्या नवरीवानी उभी. मंग बाकीच्याइनं काय पाप केलं?"

पहिली तुकडी परवा अमरावती एक्स्प्रेसने पहाटे परतली. स्टेशनवर आम्ही मुद्दाम गेलो होतो, म्हणजे फिरायला म्हणून. हकीकत अशी. डेकवर फोटोपुरती मॅक्सी चालली, दहा मिनिटं. आत गेलं की एसी असा की दात वाजतात. जेवणघरात काकांनी माकडटोपी काढली, वहिनींनी सोलापुरी चादर पांघरली, आणि नव्या पाच जोडांपैकी तीन घडीसुद्धा न मोडता परत आले. नारळाच्या झाडांचा बर्म्युडा? तो दिवसभर चालला. काका आता तो घालून पेपर आणायला चौकात जातात, आणि काकूंनाच लाज वाटते.

त्याच दुपारी वहिनी मॅक्सी घेऊन टेलरकडे गेल्या. बाह्या लावून द्या म्हणाल्या, घरात तरी वापरता येईल. टेलरने मान वर केली नाही. मागच्या फळीवरून कापडाची पिशवी काढली, टेबलावर उपडी केली. आत जोडीजोडीने टाचलेल्या बाह्या, या मोसमात त्याने कुर्त्यांच्या कापलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी लावलेली.

"कापायचे शंभर घेतले होते," तो म्हणाला. "लावायचे दीडशे. तुमच्या मॅक्सीले बाही नव्हतीच. ही फिकी गुलाबी पाहा, तुमच्याच गल्लीतल्या बाईची हाय. त्या बावीस तारखेले वापस येऊन राह्यल्या, तवर घालून घ्या."