दोन बाय दोनची टाइल

दोन बाय दोनची टाइल दोन बाय दोन नसते. ती सहाशे बाय सहाशे मिलिमीटर असते. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिलिमीटर. प्रत्येक टाइलमागे साडेनऊ मिलिमीटरच्या वर कमी पडतात आणि विकताना ते कोणी सांगत नाही.

मागच्या महिन्यात अंबरनाथला आमच्या हॉलची लादी बदलली. भिंत बरोबर बारा फूट. दोन फुटांच्या सहा टाइल बसणार, हे चौथीतलं पोरही सांगेल. मिस्त्रीने पहिली रांग कोरडीच मांडली, मध्ये स्पेसर घातले आणि शेवटी भिंतीपाशी जवळपास दोन इंचांची फट उरली. त्याने टेप लावला, फटीत बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "काका, पट्टी कापावी लागणार. माल वाढवा." बॉक्सवर छापलं होतं ६०० × ६०० मिमी, चार नग. दुकानात बोलणं झालं होतं ‘दोन बाय दोन, बॉक्सला सोळा फूट’. चार टाइलचं क्षेत्र भरतं साडेपंधरा चौरस फूट. चारशे फुटांच्या घराला असे पंचवीस बॉक्स घेतले, की साडेबारा फूट लादी येतच नाही. पैसे मात्र पूर्ण चारशेचे जातात.

मिस्त्रीचा यात काही दोष नाही. दोन्ही मापं त्याला तोंडपाठ आहेत. आपल्या या पट्ट्यात ती सगळ्यांनाच तोंडपाठ आहेत. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात प्लायवूड मागा: आठ बाय चार, अठरा एमएम. लांबी-रुंदी फुटांत, जाडी मिलिमीटरमध्ये, एकाच दमात. तिथल्याच कॅम्प पाचमध्ये जीन्सचं कापड मीटरवर येतं आणि कंबर इंचांवर शिवली जाते. अंबरनाथच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग मिलिमीटरचं, पण जुना फिटर पट्टीकडे न बघता "तीन सूत" म्हणतो. आठ सूत म्हणजे एक इंच. सळईवाला तीन सूत मागणाऱ्याला दहा एमएमची सळई काढून देतो, चार सूतला बाराची. कोणाचं काही अडत नाही. पोराचा ताप फॅरेनहाइटमध्ये, बाहेरचं ऊन सेल्सिअसमध्ये. वजन किलोत, उंची फुटांत. याला गोंधळ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. रोज हाताखालून माल जाणाऱ्या माणसाचं हे कसब आहे.

माझं भांडण वेगळं आहे. बोलायचं एका मापात आणि कागदावर सही घ्यायची दुसऱ्या मापात, हे जिथे चालतं तिथे नुकसान नेहमी विकत घेणाऱ्याचंच होतं.

कायदा याबाबत पुरेसा कडक आहे. वैधमापन कायदा २००९ चा, १ एप्रिल २०११ पासून लागू. त्याचं कलम ११ सांगतं, की भाव प्रमाणित मापातच सांगायचा. छापील जाहिरातीत तर नाहीच, तोंडीसुद्धा दुसऱ्या मापात सांगायचा नाही. आता बदलापूर स्टेशनबाहेर हातात कोंबलं जाणारं घरांचं कुठलंही पत्रक उलगडा. फूट, फूट आणि फूट.

आपल्याला बदलता येत नाही, असंही नाही. १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नवे पैसे आले, ऑक्टोबर १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात शिरला आणि १९६२ पर्यंत शेर, छटाक, मण कायद्याने बाद झाले. शेर हे शतकानुशतकांचं माप, तरी काही वर्षांत वाण्याच्या तागडीतून गेलं. कारण वजनावर सरकारी छाप लागायचा आणि तराजू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असायचा. घर विकताना तसा तराजू समोर नसतो. टेप विकणाऱ्याच्या खिशात असतो आणि घर अजून कागदावरच असतं.

म्हणून घराचंच बोलू. बदलापूर, अंबरनाथमध्ये माणसं घर घ्यायला येतात ती आयुष्याची पुंजी घेऊन. दादर, परळच्या चाळीतली खोली सोडून आलेली, रोज दीड तास लोकलमध्ये उभं राहायला तयार झालेली. त्यांना सांगितला जातो भाव चौरस फुटाचा. करारनाम्यात कार्पेट लिहिलेलं असतं चौरस मीटरमध्ये. मुद्रांक शुल्काचे वार्षिक मूल्यदर तक्तेही चौरस मीटरवर. सहा हजार रुपये फूट म्हणजे साधारण चौसष्ट हजार सहाशे रुपये मीटर. हा दुसरा आकडा सेल्स ऑफिसात ऐकवला, तर समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवून नीट विचार करेल.

यात पैशाचा खड्डा कुठे आहे, तेही सांगतो. १ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घरावर जीएसटी एक टक्का आहे. मुंबई महानगर प्रदेशात त्यासाठी किंमत ४५ लाखांच्या आत हवी आणि कार्पेट ६० चौरस मीटरच्या आत. बाकी घरांना पाच टक्के. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर तिन्ही या प्रदेशात येतात. साठ मीटर म्हणजे ६४५.८ चौरस फूट. आता कोणी हौसेने ‘साडेसहाशेचा टू बीएचके’ घेतला, तर तो ६०.३९ मीटर होतो आणि मर्यादा ओलांडतो. चाळीस लाखांच्या घरावर चाळीस हजारांऐवजी दोन लाख. चार-सव्वाचार फुटांच्या फरकासाठी एक लाख साठ हजार रुपये! ज्याला चौरस मीटर कळतो, तो आधीच आकडे विचारून ठेवतो. ज्याला कळत नाही, त्याला हिशेब मागाहून कळतो.

जमिनीचंही तेच. सातबारा हेक्टर-आरमध्ये, सौदा गुंठ्यात. गुंठा ३३ बाय ३३ फूट, म्हणजे १,०८९ चौरस फूट. आर १०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,०७६. गावात दोन्ही एकच धरतात. दहा गुंठ्यांच्या सौद्यात यात सव्वाशे फूट जातात, म्हणजे एक खोली.

टीव्हीच्या खोक्यावर बघा. ८० सेंटिमीटर, आणि कंसात ३२ इंच. पंधरा हजारांच्या वस्तूवर दोन्ही मापं शेजारी शेजारी छापता येतात. चाळीस लाखांच्या घराच्या पत्रकावर का येत नाहीत? पत्रकावर दोन्ही आकडे नसतील, तर टेबलावर बसून, सही करण्याआधी, करारातल्या मीटरला १०.७६ ने गुणा आणि विक्रेत्याला तो आकडा स्वतःच्या हाताने लिहून द्यायला सांगा.

आता पैशापेक्षा मोठी गोष्ट. पावसाळ्यात मोबाइलवर निरोप येतो: उल्हास नदीची बदलापूरची इशारा पातळी १६.५० मीटर, धोका पातळी १७.५०. हेंद्रेपाडा, रमेशवाडीतली बाई तो निरोप वाचते आणि शेजारणीला विचारते, "म्हणजे आपल्या गल्लीत किती?" प्रश्न अगदी बरोबर आहे. तो आकडा नदीवरच्या मापपट्टीचा आहे, तिच्या उंबरठ्याचा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे वाक्य आपण वीस वर्षं पाठ म्हणतो. सपाट जागेवर ते सगळं साचलं, तर तीन फुटांच्या वर भरतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेपर्यंत. असं सांगितलं, की लगेच कळतं. फ्रिज कधी उचलायचा, म्हातारीला वरच्या मजल्यावर कधी न्यायचं, गाडी कुठे लावायची, हे मीटरवरून ठरत नाही. पाणी पायरीला लागलं का, यावरून ठरतं आणि तोवर उशीर झालेला असतो.

तेव्हा नगरपरिषदेला आणि नदीकाठच्या सोसायट्यांना विनंती आहे. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर दोन रेघा मारा. नदी १७.५० वर असताना पाणी इथवर येतं, १८.५० वर असताना इथवर. शेजारी फुटांत उंची लिहा. गेल्या पुरांत पाणी कुठवर आलं होतं, ते त्या त्या गल्लीतल्या लोकांना बोट ठेवून दाखवता येतं, त्यांनाच विचारा. रंगाचा एक डबा आणि एक रविवार पुरतो, पण जून लागण्याआधीचा.