सूर्याशी तहनामा

ज्या देशात सूर्याला पहाटे अर्घ्य दिले जाते, रथसप्तमीला अंगणात त्याचा रथ रेखून त्याच्या साक्षीने दूध उतू घालविले जाते, आणि जेथे औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी स्वतः नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालून प्रजेलाही त्या वाटेस लावले, त्या देशातील एका वयस्क गृहस्थाने त्याच सूर्यापासून आपल्या कातडीचा बचाव व्हावा म्हणून औषधांच्या दुकानी तिष्ठत उभे राहावे, यात वरकरणी थोडी कृतघ्नता दिसते. परंतु आपल्या पूर्वजांच्या दिनचर्येचे बारकाईने अवलोकन केल्यास असे आढळून येते, की त्यांची सूर्यभक्ती जितकी उत्कट होती तितकीच ती वेळेच्या बाबतीत सावध होती: प्रातःसंध्या नदीकाठी, सायंसंध्या नदीकाठी, आणि माध्यान्हसंध्या मात्र घरात, पाटावर, छपराखाली. भर दुपारी पंचाग्निसाधन करणारे तपस्वी हा अपवाद खरा. पण त्यांना तपश्चर्येनंतर कोणाच्या लग्नाच्या पंगतीस जावयाचे नसे, आणि ‘किती काळवंडलात हो!’ असे म्हणणारे आप्तही त्यांच्यापाशी उरलेले नसत.

सरकारी दप्तरखान्यातील माझी मुदत संपली आणि रक्तातील साखरेने माझ्याशी सलगी सुरू केली, तेव्हा डॉक्टरांनी सायकलीचे फर्मान काढले. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ख्यातनाम होते. त्या काळी सायकलवर बसण्यासाठी माणसाला सायकलीखेरीज काही लागत नसे, फार तर पँटच्या पायाला एक चाप. हल्ली मात्र सायकल हे वाहन राहिले नसून व्यायामाचे उपकरण झाले आहे, आणि उपकरणामागोमाग सल्लागार येतात. मावशींनी सांगितले, ‘अरे, खिशात कांदा ठेव, म्हणजे ऊन बाधत नाही.’ शेजारचे निवृत्त सबजज्ज रावसाहेब म्हणाले, ‘अहो, उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं. फुकट मिळतंय ते अडवता कशाला?’ पुण्यात या युक्तिवादाला जे वजन आहे ते अन्यत्र क्वचितच असेल. आणि संगणकाच्या नोकरीतून वेळ काढून दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल मारणारा पुतण्या म्हणाला, ‘काका, एसपीएफ ५०, पीए चार प्लस, दर दोन तासांनी. बाकी कुणाचं ऐकू नका.’

या तिन्ही पक्षांच्या कैफियती ऐकून घेतल्यावर माझ्या असे ध्यानात आले, की वादाचे मूळ एका गैरसमजात आहे. ऊन म्हटले की आपणांस उष्मा आठवतो. वस्तुतः उष्मा आणि अतिनील किरण ही एकाच सरकारची दोन निराळी खाती असून एका खात्याचा दाखला दुसऱ्या खात्यात चालत नाही. १८०१ साली येना येथे योहान विल्हेल्म रिटर या जर्मन संशोधकाने रौप्य क्षाराने माखलेला कागद वर्णपटाच्या जांभळ्या टोकाच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा जागी धरला, तो काय, तेथेच तो सर्वांत त्वरेने काळवंडला. हेच ते जुन्या पुस्तकांतील जंबुपार किरण. ते दिसत नाहीत, ऊबही देत नाहीत, आणि म्हणूनच सायकलस्वाराला ते विशेष बाधतात, कारण चालत्या सायकलीवर अंगाला वारा लागून जो सुखद गारवा वाटतो तो केवळ पहिल्या खात्याचा असतो, दुसऱ्याचे काम तेवढ्या वेळात बिनबोभाट चालूच राहते. श्रावणातल्या पातळ ढगांनीही ते पुरते अडत नाहीत. मावशींच्या कांद्याने तर ते मुळीच अडत नाहीत. त्याने अडतात ती फक्त जवळ येऊ पाहणारी माणसे.

या किरणांचेही दोन वर्ग आहेत. २८० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे ‘बी’ किरण त्वचा लाल करून आपण आल्याची वर्दी देतात, आणि रावसाहेबांचे ड जीवनसत्त्वही त्यांच्याच कृपेने मिळते. ३१५ ते ४०० पर्यंतचे ‘ए’ किरण, जे पृथ्वीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत बहुसंख्य आहेत, ते खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात, खोल शिरतात आणि कोणतीही पूर्वसूचना न देता सुरकुत्या व डाग यांची तजवीज करून ठेवतात. कर्करोगाचे संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९२ सालीच सूर्याच्या प्रारणांची गणना कर्करोगकारकांत केली. आपल्या सावळ्या वर्णाने आपणांस पुष्कळसे संरक्षण जन्मतःच दिलेले असले, तरी ते डोळ्यांतील मोतीबिंदूपर्यंत पोचत नाही. यास्तव अतिनील किरण अडविणारा चष्मा ही चैन समजू नये.

आता लेपाकडे वळू. सनस्क्रीनच्या इतिहासात फ्रान्झ ग्रायटर नावाच्या एका ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाचे नाव आदराने घेतात. १९३८ साली पिझ बुइन नावाचे शिखर चढताना तो उन्हाने होरपळला, आणि त्या होरपळीतूनच पुढे त्याचा लेप जन्मास आला. लेपाच्या सामर्थ्याचा अंक रूढ करण्याचे श्रेयही त्यालाच देतात. आमच्याकडे कोणताही अंक गुणपत्रिकेतील समजून वाचण्याची वहिवाट असल्यामुळे ३० पेक्षा ५० फारच वरच्या श्रेणीत उत्तीर्ण झालेला वाटतो. प्रत्यक्षात एसपीएफ १५ चा लेप सुमारे ९३ टक्के ‘बी’ किरण अडवितो, ३० चा ९७ टक्के आणि ५० चा ९८ टक्के. ‘ए’ किरणांचा हिशेब या अंकात धरलेलाच नसतो. त्यासाठी जपानी सौंदर्यप्रसाधन उद्योगाने १९९६ पासून ‘पीए’ या अक्षरांपुढे अधिक चिन्हे मांडण्याची पद्धत घातली, आणि २०१३ पासून ती चिन्हे चारपर्यंत वाढविली.

परंतु हे सर्व टक्के एका अटीवर अवलंबून आहेत, आणि ती अट नळीवर छापलेली नसते. प्रयोगशाळेत लेपाची परीक्षा होते ती दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या मात्रेने. या हिशेबाने प्रौढ माणसाच्या सर्वांगाला एका वेळेस सुमारे ३० मिलिलिटर लेप लागतो, आणि तो दर दोन तासांनी पुन्हा लावावयाचा असतो. म्हणजे ५० ग्रॅमची नळी दोन खेपांनाही पुरत नाही. हा ताळेबंद मी सौभाग्यवतींपुढे ठेवला तेव्हा तिने इतकेच विचारले, की या पैशांत रिक्षाने जाऊन येता येणार नाही का. सर्वसाधारण मनुष्य सांगितलेल्या मात्रेच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी लेप लावतो. आणि ही काटकसर ज्यांच्या रक्तातच आहे त्यांना मोठ्या अंकाचा लेप घेण्यात खरोखरच लाभ आहे, कारण मात्रेत केलेली चोरी अंकाच्या मोठेपणात थोडीफार भरून निघते. ड जीवनसत्त्वाविषयी रावसाहेबांनी बाळगलेली चिंताही येथेच मिटते: शास्त्रोक्त मात्रेने लेप लावणारा पुणेकर अद्याप जन्मास यावयाचा आहे.

राहिला प्रश्न लेपाच्या निर्धोकपणाचा. लेपांची दोन घराणी आहेत. एकात जस्ताचा किंवा टायटॅनियमचा ऑक्साइड असतो. त्यातील जस्ताचे घराणे आपल्या वैद्यांस यशदभस्माच्या रूपाने परिचित आहे. दुसऱ्यात अॅव्होबेन्झोन, ऑक्सिबेन्झोन अशी नावे असलेली कार्बनी द्रव्ये असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली मांडलेल्या प्रस्तावात पहिल्या घराण्यातील दोघांना सुरक्षित व गुणकारी म्हणून मान्य केले, आणि दुसऱ्या घराण्यातील बारा द्रव्यांविषयी, ती त्वचेतून रक्तात कितपत उतरतात वगैरे, अधिक पुरावा मागविला. हे ऐकताच पुतण्याचा चेहरा उतरला. पण रावसाहेबांनी त्याला धीर दिला. ‘पुरावा मागवणं म्हणजे गुन्हा शाबीत होणं नव्हे. मी आयुष्यभर हेच केलं.’ हवाईमध्ये प्रवाळांच्या रक्षणार्थ ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या लेपांची विक्री २०२१ पासून बंद झाली आहे; आमच्या मुठेच्या बाबतीत असा कायदा करण्याचे प्रयोजन नाही, कारण लेपाने बिघडावे असे तिच्यात काही शिल्लक नाही.

मी जस्ताच्या बाजूने कौल दिला. या लेपाचा गुण असा, की तो लावताच कामास लागतो, आणि घामाबरोबर डोळ्यांत उतरला तरी दुसऱ्या घराण्याइतका चुरचुरत नाही. आणि दोष असा, की तो चेहऱ्यावर दिसतो. तो लावून मी प्रथम दिवाणखान्यात आलो तेव्हा सौभाग्यवती गंभीरपणे म्हणाली, ‘अहो, असे बाहेर जाऊ नका, लोक विचारपूस करायला घरी येतील.’ शिवाय घामाचा प्रश्न राहतोच. लेपावर पाण्यात टिकण्याची ग्वाही असते ती ४० किंवा ८० मिनिटांची. कात्रजचा घाट माझ्या वेगाने चढणाऱ्यास ही मुदत घाटाच्या मध्यावरच संपते, आणि तेथे सायकल उभी करून, येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकचालकांच्या साक्षीने, कानाच्या पाळ्यांना लेप चोळणे भाग पडते.

अशा रीतीने लेपाच्या मर्यादा उघड झाल्यावर माझे लक्ष वस्त्राकडे गेले. पूर्ण बाहीच्या सदऱ्याला दर दोन तासांनी पुन्हा अंगात घालावे लागत नाही, तो डोळ्यांत चुरचुरत नाही, आणि तो धुऊन परत वापरता येतो, ही तीन कलमे कोणत्याही काटकसरी माणसाला पटावीत. मात्र येथेही एक गोम आहे. उन्हाळ्यात शोभिवंत व थंड मानलेला पातळ पांढरा सुती सदरा अतिनील किरणांस फारसा अटकाव करीत नाही, आणि घामाने भिजला की उरलासुरला अटकावही कमी होतो. उलट गडद रंगाचे, घट्ट विणीचे कापड त्यांना मुळीच जुमानत नाही. कापडाची ही ताकद मोजण्याचा पहिला मापदंड ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी १९९६ साली ठरविला, आणि त्यात ५० अंकाचे कापड पन्नासातील एकच हिस्सा किरण आत सोडते. ज्यांच्यापाशी अंक नसेल त्यांनी कापड दिव्यासमोर धरून पाहावे: पलीकडचा प्रकाश जितका कमी दिसेल तितके ते कामाचे.

या बाबतीत आमच्या शहरातील तरुणींचा गौरव करणे मला कर्तव्य वाटते. मोठ्या रुमालाने सगळे मस्तक व मुख आवळून, केवळ डोळे उघडे ठेवून, कोपरांपर्यंत हातमोजे चढवून दुचाकीवरून जाणाऱ्या या मुलींविषयी आमच्या पिढीतील कित्येकांनी चिंतेची मुद्रा करून नाना शंका प्रकट केल्या. तो सारा बंदोबस्त शास्त्राला इतका धरून आहे, की नाक, गाल, कान, मान व हातांची मागची बाजू, म्हणजे ऊन प्रथम जेथे ठाणे देते ती सर्व ठिकाणे, तो एका फटकाऱ्यात झाकतो. लेपाच्या नळ्या विकणाऱ्यांना हे ठाऊक असते तर त्यांनी रुमालावर जकात बसविण्याची दरखास्त केली असती.

साहेबलोकांनीही कापडावर भिस्त ठेवली होती, पण भलत्या ठिकाणी. त्यांचे सैनिक सूर्यकिरण कण्यातून शिरून मज्जेला अपाय करतात या धास्तीने पाठीवर जाड कापडाची गादी बांधीत. त्यांची शोला नामक पाणवनस्पतीच्या भेंडाची टोपी मात्र, तिच्यामागील उपपत्ती कितीही चमत्कारिक असो, कान आणि मान सावलीत ठेवण्यास उपयोगी होती, कारण तिला काठ असे. सायकलचे हेल्मेट नेमके येथेच कमी पडते. ते पडल्यावर डोके वाचविण्यासाठी असते, आणि त्याचे ते कार्य इतके महत्त्वाचे आहे की त्याच्याविना रस्त्यावर येऊच नये; परंतु त्याला काठ नसतो, उलट वारा खेळावा म्हणून लांबट झरोके असतात. ज्यांच्या मस्तकावर केश आहेत त्यांना हे झरोके वरदान वाटतात. ज्यांचा मुलूख माझ्यासारखा उघडा पडला आहे त्यांच्या मस्तकावर मात्र ऊन त्या झरोक्यांतून उतरून काळे-गोरे पट्टे आखून ठेवते. उपाय साधा आहे: हेल्मेटखाली पुढे झडप असलेली पातळ कापडी टोपी, आणि मानेवर रुमाल.

परंतु लेप आणि वस्त्र या दोहोंहून श्रेष्ठ उपाय घड्याळाचा, आणि घड्याळ नसेल तर सावलीचा. सावली आपल्या उंचीहून लांब असेल तोवर ऊन सौम्य आहे असे ढोबळमानाने समजावे, आणि ती उंचीच्या बरोबरीला येऊन आखूड होऊ लागली की पुरा बंदोबस्त करावा. पुण्यात मेच्या मध्यास ही आखूड सावली सकाळी साडेनऊच्या आतच सुरू होऊन दुपारी साडेतीनच्या पुढेपर्यंत राहते. डिसेंबरअखेरीस तिचा अंमल मध्यान्हीच्या आसपासचे दोन-सव्वादोन तासच चालतो. १३ मेच्या सुमारास तर दुपारी साडेबाराच्या ठोक्याला सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते. १९४४ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या परंपरेतील खगोलप्रेमी हा शून्य सावलीचा दिवस हौसेने पाळतात. जुलैअखेरीस हाच योग पुन्हा येतो, पण तो ढगांच्या पडद्याआड उरकतो. सावलीच्या या नियमाला नळी लागत नाही, अंक लागत नाही, शुल्क नाही आणि परवानाही नाही. इतक्या गैरसोयी असल्यामुळेच त्याची कोठे जाहिरात होत नसावी.

सरतेशेवटी मी सूर्याशी करावयाच्या तहाचा मसुदा सुवाच्य अक्षरांत लिहून काढला. कलम पहिले: उन्हाळ्यात सायकल सकाळी आठच्या आत घरी परतेल. कलम दुसरे: विलंब झाल्यास बाह्या, रुमाल, चष्मा आणि हेल्मेटखालील टोपी हजर असतील. कलम तिसरे: वस्त्राच्या अंमलाबाहेर राहिलेला नाक, कान, ओठ व हातांचा टापू लेपाकडे सोपविला जाईल, आणि लेप हात राखून लावला जाणार नाही. कलम चौथे: कांदा कोशिंबिरीत घातला जाईल.

मसुदा रावसाहेबांच्या नजरेखालून घालणे इष्ट होते. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, तिसऱ्या कलमात एक स्वल्पविराम घातला, आणि कायदेपंडिताच्या संथ स्वरात आक्षेप घेतला, ‘कलमं ठीक आहेत. पण यावर सही तुमच्या एकट्याची आहे. दुसऱ्या पक्षाची सही कुठं आहे?’

मी हेल्मेट काढून मस्तक त्यांच्यापुढे लववले. सही शिक्क्यानिशी होती.