रोल कुठला टाकलाय?

फिल्म कॅमेरा गळ्यात अडकवलेल्या माणसाला 'फोटो कसे आले?' असं विचारण्याची पद्धत नाही. 'रोल कुठला टाकलाय?' एवढंच विचारायचं. त्याने 'पोर्ट्रा 400' म्हटलं की आदराने मान हलवायची. 'गोल्ड 200' म्हटलं की 'तोही बरा असतो' असा धीर द्यायचा. आणि 'सिनेस्टिल' म्हटलं की रात्रीचे पेट्रोलपंप दाखवल्याशिवाय हा सोडणार नाही हे ओळखून बसायला जागा शोधायची.

या मंडळींच्या तोंडून फिल्मची तुलना ऐकावी. गोल्ड प्रेमळ, पोर्ट्रा घरंदाज, एक्टार जरा भडक, फुजी स्वभावाने थंड. वधूवरसूचक मंडळाच्या वहीतही इतकी मोघम वर्णनं सापडायची नाहीत.

त्या थंड फुजीचंच घ्या. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत 'फुजीफिल्म 200' नावाची जी फिल्म विकली गेली, तिच्या डब्यावर 'मेड इन यूएसए' असं छापलेलं आहे. अमेरिकेत 35 मिलिमीटरची रंगीत फिल्म एवढ्या प्रमाणावर करणारा कारखाना एकच, रॉचेस्टरचा, कोडॅकचा. तिचं तांत्रिक माहितीपत्रकही कोडॅक गोल्डच्या माहितीपत्रकाशी जुळतं. थोडक्यात, हिरव्या डब्यातला माल पिवळ्या डब्यावाल्यांकडचा. म्हणून तुलना करणारे थांबले असं मात्र समजू नका. हिरव्या डब्यातून निघालेल्या फोटोत त्यांना अजूनही हिरवी झाक दिसते.

फिल्मांमध्ये फरक नसतोच, असं माझं म्हणणं नाही. पोर्ट्रावर दोन-तीन स्टॉप, म्हणजे कितीतरी पट, जास्त उजेड पडला तरी ती कुरकुरत नाही. गोल्डला सावलीत उजेड कमी पडला की दाणा वर येतो. एक्टारचा दाणा अगदी बारीक, पण उन्हातून चालत आलेल्या माणसाला ती लालबुंद करून सोडते. एवढी माहिती पोस्टकार्डावर मावते. वाद रात्रभर चालतो तो याच्यावर नाही, 'रंगांच्या आत्म्या'वर. आणि या आत्म्याचा पत्ता बहुतेकांनी चुकीचा लिहून घेतलाय.

रंगीत निगेटिव्ह म्हणजे उलटे रंग आणि त्यावर नारिंगी झाक. तिचा सुलटा फोटो करताना आकाश किती निळं, भिंत किती पिवळी, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवतो लॅबमधला स्कॅनर आणि त्याच्यासमोर बसलेला मुलगा. जगभरच्या लॅबांत दोन स्कॅनर गाजले, नोरित्सू आणि फ्रंटियर. यातला फ्रंटियर फुजीचा. म्हणजे 'कोडॅकचा तो खास सोनेरी रंग' म्हणून जो मिरवला जातो, तो पुष्कळदा फुजीच्या यंत्रातून निघालेला असतो. जेवणाच्या सुट्टीनंतर त्या मुलाने पिवळा रंग दोन टप्पे पुढे सरकवला, की तुमच्या फिल्मचं व्यक्तिमत्त्व बदललं. फोटोखाली मात्र कॅमेऱ्याचं नाव येतं, लेन्सचं येतं, फिल्मचं येतं. मुलाचं येत नाही.

स्लाईड फिल्मचं तसं नव्हतं. तिथे कॅमेऱ्यात जे झालं तेच शेवटचं, मागाहून सावरायला कुणी बसलेलं नसायचं. कोडाक्रोम 1935 साली आली आणि 2009 मध्ये कोडॅकने ती बंद केली. तिच्या नावाजलेल्या रूपांचा वेग, म्हणजे उजेड टिपण्याची ताकद, 25 आणि 64. उजेडाचा अंदाज अर्धा स्टॉप चुकला तरी पांढरा सदरा जळून जायचा. भर उन्हाला धरून मोजमाप केलं, तर सावल्या काळ्याठिक्कर. छायाचित्रकार अॅलेक्स वेब यांनी हैती-मेक्सिकोच्या उन्हात याच काळोखाला चौकटीत मानाची जागा दिली. 1986 मध्ये आलेलं त्यांचं 'हॉट लाइट/हाफ-मेड वर्ल्ड्स' हे पुस्तक पाहा. फिल्मच्या खोडीतून माणसाने रचना काढली. आता त्याच खोडीला 'लूक' म्हणतात आणि फोनच्या अॅपमध्ये ती बोटाने कमी-जास्त होते.

आपल्याकडे रघुबीर सिंग होते. गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल, असं जग मानत होतं तेव्हा हा माणूस रंगाला चिकटून राहिला. भारतात रंग हा जगण्याचाच भाग आहे, तो वगळून इथलं काही दाखवता येणार नाही, हा त्यांचा आग्रह. मुंबईवरचं त्यांचं 'बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया' 1994 साली आलं. झवेरी बाजारातल्या सराफी दुकानाचा त्यांचा 1989 चा फोटो आहे. आतलं दुकान आणि बाहेरचा बाजार काचांमधून एकाच चौकटीत गुंतलेले. कोण आत, कोण बाहेर, हे उलगडण्यातच पाच मिनिटं जातात. रोल कुठला, हे विचारायचं सुचत नाही. फोटो चांगला असल्याची ही एक खूण म्हणायला हरकत नाही.

परीक्षणांतला दुसरा लाडका शब्द म्हणजे 'नैसर्गिक त्वचा'. कुणाची? अनेक दशकं लॅबांत रंग जुळवायला कोडॅकची जी नमुना कार्डं वापरत, त्यांच्यावर गोरी बाई असायची. 'शर्ली कार्ड' असंच नाव पडलं होतं त्यांना. ती नीट दिसली की जग नीट दिसलं, असा हिशेब. काळ्यासावळ्या चेहऱ्यांचे तपशील बुडायचे, त्याची ओरड फारशी पोहोचली नाही. गडद तपकिरी छटा सुधारायला कोडॅकला भाग पाडलं ते चॉकलेटवाल्यांच्या आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारींनी, असं कोडॅकमधल्याच जुन्या माणसांनी पुढे सांगितलं. आजच्या फिल्म पुष्कळ सुधारल्या आहेत, हे खरं. पण दादरच्या मंडईत कोथिंबिरीची जुडी बांधणाऱ्या मावशींचा चेहरा नीट उमटला, तर थोडे आभार टेबलाखुर्च्यांचेही मानावेत.

रात्रीच्या भक्तांचं दैवत सिनेस्टिल 800टी. मूळची ही कोडॅकची सिनेमाची फिल्म. उजेड फिल्ममधून आरपार जाऊन मागून उलटून येऊ नये, म्हणून तिच्या पाठीला काळा थर दिलेला असे. तो काढून टाकला की साध्या रंगीत फिल्मच्या रसायनात ती धुता येते, आणि प्रत्येक दिव्याभोवती लाल वलय उमटतं. या वलयाला 'सिनेमॅटिक' म्हणतात. सिनेमावाल्यांनी मात्र वर्षानुवर्षं तो थर ठेवूनच शूटिंग केलं. वलय येऊ नये म्हणून.

शिवाय ही फिल्म जुळवलीये पिवळ्या टंगस्टन दिव्यांशी, आणि रस्त्यावर तसा दिवा आता औषधालाही सापडत नाही. 2015 साली मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा मुंबईत केवढा गहजब झाला. दिव्यांचा 'राणीचा हार' फिका पडला म्हणून प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शहराचा रंग कोण ठरवतं, हे त्या वेळी एकदाचं कळायला हवं होतं. निविदा काढणारा.

2023 च्या सप्टेंबरात बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर गेली. ऑक्टोबर संपता संपता प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही गेली. मुंबईच्या चौकटीतला एक लाल आणि एक काळा-पिवळा ठिपका दीड महिन्यात पुसला गेला. त्यांची उणीव भरून काढणारी फिल्म कुठलीच कंपनी करत नाही. मे संपत आला की निम्म्या शहरावर निळी ताडपत्री चढते आणि चार महिने प्रत्येक फोटोत निळा रंग फुकट मिळतो. पोर्ट्रावर, गोल्डवर, फुकट मिळालेल्या मुदतबाह्य रोलवरही. मेट्रोच्या कामाचे पत्रे, मंडपाचं कापड, नेत्याच्या वाढदिवसाचा फलक यांच्यापुढे दोन रोलांमधला छटेचा फरक म्हणजे कुजबुज.

तुलनेची खरी गोची पुढेच आहे. दोन फिल्मांची प्रामाणिक तुलना करायची, तर तोच प्रसंग त्याच उजेडात दोनदा घडायला हवा. रस्त्यावर तो घडत नाही. डोक्यावर बर्फाची लादी घेतलेला हमाल 'दादा, आता एक्टारवर' म्हटल्यावर पुन्हा वळून येत नाही. म्हणून तुलनेसाठी काढलेले फोटो पाहा. बाल्कनीतली कुंडी, भिंतीला टेकवलेली सायकल, झोपलेला कुत्रा. स्ट्रीट फोटोग्राफीसाठी सर्वोत्तम फिल्म कुठली, हे ठरतं ते जागच्या न हलणाऱ्या गोष्टींवर. यात रोल संपतो, आणि रोल, धुलाई, स्कॅन धरून आजच्या भावाने एका खटक्याला दोन-तीन वडापाव पडतात. कुत्रा तेवढे वडापाव खाऊन उठला असता, तर निदान फोटो तरी झाला असता.

तरीही सल्ला हवाच असेल, तर घ्या. ऊन असेल तेव्हा 200, ढग आले की 400, दिवे लागले की 800. डबा कुठल्याही रंगाचा चालेल. वर्षभर त्याच तीन फिल्म वापरा आणि एकाच लॅबमध्ये धुवायला द्या. स्कॅनरसमोरच्या मुलाशी ओळख वाढवा, त्याला तुमच्या आवडीची पिवळी भिंत दाखवून ठेवा. दिवाळीला मिठाईचा एक पुडा न्या. पोर्ट्रा आणि गोल्डच्या किमतीतल्या फरकात तो आरामात बसतो, आणि रंगात फरकही जास्त पडतो.