गोरेपणाचा दाखला

दाखला कसा काढावा, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. पणजोबांच्या शाळेच्या नोंदीपासून तलाठ्याच्या सहीपर्यंतची वाट त्याला तोंडपाठ असते. तरीही एक दाखला असा होता, की तो काढता काढता हिंदुस्थानातून गेलेल्या भल्याभल्यांच्या चपला झिजल्या. आपण गोरे असल्याचा दाखला! आणि तो देणारी कचेरी होती अमेरिकेत.

तिथल्या १७९० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आलेल्याला नागरिकत्व मिळे, ते तो ‘स्वतंत्र आणि गोरा’ असेल तरच. गुलामगिरी संपल्यावर १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी दुसरी खिडकी उघडली. म्हणजे अर्जदाराला मार्ग दोन. पण दुसऱ्या खिडकीपाशी आपल्यापैकी कोणी ताटकळल्याचे ऐकिवात नाही. सारी गर्दी पहिल्या खिडकीवर.

अडचण एवढीच, की कायदा करणारे ‘गोरा’ म्हणजे कोण, हे लिहायला विसरले होते. मग ज्या न्यायाधीशाला जसे दिसेल तसे तो ठरवी. १९१० मध्ये भिकाजी बलसारा हे पारशी गृहस्थ गोरे ठरले. १९१३ मध्ये अक्षयकुमार मजुमदार यांनी आपण उच्चवर्णीय हिंदू असल्याचे सांगितले, तेही गोरे ठरले. उन्हात रापलेला माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढला आणि उतरताना गोरा झाला, हा चमत्कार आजच्या कोणत्याही क्रीमला साधलेला नाही.

१९२२ च्या नोव्हेंबरात ताकाओ ओझावा हे जपानी गृहस्थ सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. वीस वर्षे अमेरिकेत राहिलेले, कॅलिफोर्नियात शिकलेले, घरात मुलांशी इंग्रजी बोलणारे. त्यांचे म्हणणे साधे होते: माझी कातडी बघा, ती कित्येक युरोपीयांपेक्षा उजळ आहे. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड म्हणाले, कातडीचा प्रश्नच नाही. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी त्या वंशात बसत नाहीत. सदरलँड स्वतः जन्माने इंग्लंडचे. त्यांच्याकडे दाखला मागायला जातो कोण!

हा निकाल वाचून भगतसिंग थिंड यांच्या बाजूला हायसे वाटले असणार. थिंड अमृतसरकडचे शीख. ओरेगॉनच्या लाकडाच्या गिरण्यांत राबलेले आणि पहिल्या महायुद्धात डोक्यावर पगडी ठेवून अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले. त्यांचे एक वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून आपल्याच आळीतले वाटावेत असे. कॉकेशियनच हवा ना? मग तेव्हाचे पाश्चात्त्य मानववंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना आर्य आणि कॉकेशियनच म्हणत होते.

पण थिंड यांची बाजू एवढ्यावर थांबली नाही. ज्यांच्या गुरूंनी जातिभेद नाकारला आणि लंगरात सगळ्यांना एका पंक्तीत बसवले, त्या पंथाचा माणूस ‘उच्च जातीचा हिंदू’ म्हणून कोर्टापुढे उभा करण्यात आला. शिवाय असे मांडण्यात आले, की लग्नसंबंधांच्या बाबतीत उच्च जातीचा हिंदू आपल्याकडच्या मूळ रहिवाशांना जसे लेखतो, तसेच गोरा अमेरिकन काळ्या माणसाला लेखतो. म्हणजे, साहेब, आम्हीही तुमच्यासारखेच, आमच्याकडेही खाली दाबायला माणसे आहेत! समतेच्या देशात शिरायचे, तर आपल्याकडच्या विषमतेचे प्रमाणपत्र जोडावे, हे कोणाला सुचले असेल ते असो. ‘स्वजातीय हवी’ ही ओळ वधूवर सूचक मंडळातून उठून थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली, याचा मान मात्र आपलाच.

१९ फेब्रुवारी १९२३ ला निकाल लागला. तेच सदरलँड, मध्ये अवघे तीन महिने. आता ते म्हणाले, शास्त्रज्ञांचे राहू द्या. सामान्य माणसाला जो गोरा वाटतो तो गोरा, आणि थिंड त्याला तसे वाटत नाहीत. ओझावांना शास्त्र दाखवून बाहेर काढले, थिंडना शास्त्र बाजूला सारून. न्यायमूर्तींनी जाता जाता जातिव्यवस्थेचीही हजेरी घेतली. रक्ताची सरमिसळ रोखण्यासाठी जातीचे नियम होते खरे, पण ते पुरते यशस्वी झालेले दिसत नाहीत, असा त्यांचा शेरा. ज्या सोवळ्याच्या जोरावर अर्ज केला, ते सोवळेच ओले निघाले!

पुढे सरकारने कित्येक हिंदी लोकांना दिलेले नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. खुद्द पंडित वकिलांवरही खटला भरला. ते सुटले, पण गोरे ठरून नव्हे, तर एकदा झालेला निकाल पुन्हा उकरता येत नाही या मुद्द्यावर. सान फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगई यांना ते साधले नाही. नागरिकत्व गेले, मालमत्ता गेली, हिंदुस्थानात जायचे तर ब्रिटिश प्रजा म्हणून जा, असे उत्तर मिळाले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. इथे विनोद संपतो. कोणाच्या तरी वर बसू द्या म्हणून मागितलेली जागा वरच्याच्या लहरीवर असते, याची किंमत बगईंना जिवाने मोजावी लागली.

थिंड निकालाच्या बरोबर पन्नास वर्षे आधी, १८७३ मध्ये, पुण्यात एका माणसाने ‘गुलामगिरी’ नावाचे पुस्तक काढले आणि काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केले. जोतीराव फुले अमेरिकेला कधी गेले नाहीत. त्यांना तिथला काळा माणूस इथूनच आपला दिसला. पुढे १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. त्याच वर्षी अमेरिकेने हिंदी लोकांना नागरिकत्व देऊ केले आणि वर्षाला किती जण येतील तेही ठरवले. शंभर!

मोठे दार उघडले ते १९६५ च्या कायद्याने. रंगभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर लाठ्या खाल्ल्या, कुत्र्यांचे चावे सोसले, तुरुंग भरले. त्या चळवळीच्या रेट्यात देशोदेशीचे जुने कोटेही गेले. मग आपले डॉक्टर आणि इंजिनिअर विमानात बसले. उतरल्यावर म्हणाले, आम्ही गुणवत्तेवर आलो. विमानाचे तिकीट गुणवत्तेवर मिळाले असेलही, धावपट्टी मात्र दुसऱ्यांनी बांधली होती.

आता पुढची तारीख पाहा. २१ फेब्रुवारी २०२३. थिंड निकालाला शंभर वर्षे आणि दोन दिवस. सिएटलच्या नगर परिषदेने जातीवरून होणाऱ्या भेदभावावर बंदी घातली. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. आंबेडकरी संघटनांनी स्वागत केले. विरोधकांनी मात्र छाती पिटून विचारले, जात? कसली जात? अमेरिकेत जात आहेच कुठे? कॅलिफोर्नियातही असाच कायदा विधिमंडळाने मंजूर केला. तो ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी परत पाठवला. सध्याच्या कायद्यांत ही बंदी आधीच आहे, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे नकार देतानाही ‘जात नाही’ असे ते म्हणाले नाहीत. ते म्हणण्याचे काम आपल्या माणसांनी अंगावर घेतले.

अमेरिकेत नव्याने आलेल्याला तिथल्या गणेशोत्सवात विचारले जाते: आडनाव काय? मूळ गाव कोणते? पुण्यात नेमके कुठे राहायचात? हे सगळे भूगोलाच्या ओढीने. लग्नाच्या संकेतस्थळावर जातीचा रकाना भरला जातो, तो रकाना रिकामा बरा दिसत नाही म्हणून.

तेव्हा विरोधकांना एक नम्र सूचना. १९२३ मध्ये आपल्या नावाने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ‘आम्ही उच्च जातीचे’ असे लेखी सांगितले गेले आहे. तो कागद दप्तरी आहे. जात नसेल, तर आपल्या बाजूने कोर्टाला खोटे सांगितले, असे जाहीर करावे. जात असेल, तर तिच्यावरच्या बंदीला हरकत कसली? हक्क मागताना जात दाखवायची आणि जाब विचारला की ती लपवायची, याला गुणवत्ता म्हणत असतील, तर ती मात्र आपल्याकडे शंभर वर्षे टिकून आहे.